सहाय्यक दिग्दर्शक तर झालो, पण तालमीत नक्की करायचं काय?

तुझा प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत मांडते. तू साताऱ्यातल्या एका हौशी ग्रुपमध्ये आहेस, राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसतंय, दिग्दर्शकांनी तुझं नाव सहाय्यक दिग्दर्शक म्हणून टाकलंय, पण प्रत्यक्षात तू पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करतोस (म्हणजे नट अडला की वाक्य सांगतोस), चहा सांगतोस आणि कोण अजून आलं नाही त्याला फोन लावतोस. वयाने मोठे नट तुझं ऐकत नाहीत, दिग्दर्शक आले नाहीत की तालीमच होत नाही, आणि एक प्रवेश त्यांनी जसा बसवलाय तो तुला पटत नाहीये, तर ते बोलावं की गप्प बसावं. प्रश्नावरून वय लहान वाटतंय म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस.

मला विचारशील तर ही तीन-चार दुखणी वेगळी नाहीत. तुला नाव दिलं पण तुझ्याकडे नक्की काय आहे हे कुणी सांगितलंच नाही, आणि तूही विचारलं नाहीस. आमच्याकडे सांगलीत पण हेच चालतं. मी बरीच वर्षं हे काम करतेय, मधे स्वतः नाटकं बसवली तरी परत परत सहाय्यकाच्या खुर्चीत जाऊन बसते कारण मला ती खुर्ची आवडते, आणि माझा अनुभव असा की तालमीत काल काय ठरलं होतं हे ज्याला पक्कं माहीत असतं त्याचं सगळ्यांना ऐकावंच लागतं, मग तो वयाने कितीही लहान असो. त्यामुळे मान कसा मिळवू याचा विचार तूर्त बाजूला ठेव, आधी ती माहिती स्वतःकडे कशी येईल ते बघ.

आता यात बरंच काही परिस्थितीवर आहे. तुमचे दिग्दर्शक स्वतः नाटकात काम करतायत का हे तू लिहिलं नाहीस. हौशीत असं खूपदा असतं, आणि तसं असेल तर तुझं काम डबल होतं कारण ते स्टेजवर असताना समोरून बघणारं दुसरं कोणीच नसतं. दुसरं म्हणजे ते हालचाली घरून ठरवून येणारे आहेत की नटांसोबत शोधत शोधत बसवणारे आहेत? दुसऱ्या प्रकारात रोज काहीतरी बदलतं, सोमवारी उजवीकडून झालेली एंट्री बुधवारी डावीकडून होते आणि शुक्रवारी कुणालाच आठवत नाही नक्की काय ठरलं. व्यावसायिकचं गणित निराळं, तिथे प्रत्येक कामाला माणूस असतो. मी खाली जे लिहितेय ते नोकऱ्या-दुकानं आटपून संध्याकाळी शाळेच्या हॉलवर जमणाऱ्या ग्रुपबद्दल आहे.

पहिलं काम म्हणजे दिग्दर्शकांशी अर्धा तास बोल, तालमीच्या वेळेत नको, बाहेर कुठेतरी. तक्रार म्हणून नाही, सरळ विचारायचं की सर, तुम्ही नसाल तेव्हा तालीम मी घेऊ का आणि घेतली तर काय घेऊ, नटांना काही सांगायचं असेल तर मी सांगू की तुमच्यामार्फत, आणि उद्या कोणी कधी यायचं हे ठरवायचं माझ्याकडे देता का. बहुतेक दिग्दर्शक यावर खूश होतात कारण त्यांच्या डोक्यावरचा भार जातो. मग तेच त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर एका वाक्यात सांगितलं पाहिजे. हे तू सांगून उपयोग नाही, त्यांच्याच तोंडून यायला पाहिजे.

आता वही. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळं इथेच आहे. संहितेची एक प्रिंट काढ, कागदाच्या एकाच बाजूला, आणि फाईलला अशी लाव की डाव्या हाताला कोरं पान आणि उजव्या हाताला संवाद. कोऱ्या पानावर हालचाली, त्याही पेन्सिलने, कारण बदलणारच आहेत. उजवं-डावं कायम नटाच्या बाजूने धर, प्रेक्षकांच्या नाही, आणि हे पहिल्या पानावर लिहूनच ठेव नाहीतर तू आजारी पडलास की दुसरा कोणी वही उघडून सगळं उलटं लावेल. प्रकाशाचे क्यू, म्हणजे कुठल्या वाक्याला किंवा हालचालीला लाईट बदलायचा त्या खुणा, एका रंगाने, संगीताचे दुसऱ्या रंगाने. बदल झाला की बाजूला तारीख टाक.

आणि नुसतं 'मुलगा उठतो' असं लिहून भागत नाही. समज प्रवेश असा आहे, मुलगा खुर्चीत बसलाय, आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन येते आणि मुलाचं वाक्य आहे, 'हे घर मी विकणार नाही म्हणजे नाही.' माझ्या वहीत ते असं असेल: पहिल्या 'नाही'ला उठतो, दुसऱ्या 'नाही'पर्यंत दोन पावलं डावीकडे पुढे, तांब्या आईच्याच हातात, तो घेत नाही. तो तांब्या कुणाकडे राहिला हे का लिहायचं? कारण पुढच्या पानावर आई तो टेबलावर आपटणार आहे, आणि एखाद्या दिवशी मुलगा काम करणाऱ्याने सवयीने तो हातातून घेतला की आईला आपटायला काही राहत नाही, मग ती बावचळते, आणि सगळे म्हणतात हिचं पाठांतर नाही. असलं भांडण झालं की वही उघडायची आणि शांतपणे वाचून दाखवायचं. दोन-तीनदा असं झालं की मोठी मंडळी आपणहून विचारायला लागतात, अरे बघ रे, मी इथे बसून बोलत होतो का उभा राहून? तिथून पुढे तुला ऐका हो ऐका म्हणावं लागत नाही.

प्रॉम्प्टिंगला तू हलकं काम समजतोयस असं वाटलं. गंमत म्हणजे 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापल्या शब्दांत बोलायची, त्यामुळे वाक्य चुकलं ही भानगडच नव्हती. आपल्याला ती सोय नाही. प्रॉम्प्ट देताना पहिले दोन-तीन शब्द द्यायचे, सपाट आवाजात, अभिनय न करता. नट थांबला म्हणजे विसरलाच असं नाही, पॉज घेतला असेल तर तू मधे बोलून त्याचा पार चुथडा करशील. हे कळायला पुस्तकातून मान वर काढून माणसाकडे बघायला लागतं. पॉज घेणाऱ्याची नजर समोरच्या पात्रावर असते, विसरलेल्याची नजर कुठेतरी जमिनीवर नाहीतर थेट तुझ्याकडे येते. पुस्तक कधी सुटलं पाहिजे, म्हणजे वाक्यं पाठ होऊन संहिता हातातून गेली पाहिजे, याची तारीख दिग्दर्शकांकडून घे, अंकावार घे, आणि त्या तारखेनंतर प्रॉम्प्ट फक्त मागितला तरच द्यायचा हे आधी सांगून ठेव.

आणि कोण कुठे अडतो तिथे पेन्सिलने बारीक फुली मार, रोज. आमच्या एका नाटकात बँकेतून रिटायर झालेले एक काका होते, एकाच वाक्याला रोज अडायचे. सगळ्यांचं म्हणणं की आता वय झालं, मोठी वाक्यं झेपत नाहीत. माझ्या वहीत मात्र त्या एकाच जागी फुल्यांची रांग होती आणि त्याच्या मागेपुढे लांबच्या लांब वाक्यं ते घडाघडा म्हणायचे. म्हणून एक दिवस पुस्तक खाली ठेवून नुसतं बघितलं. त्या वाक्याच्या मधोमध त्यांना झब्ब्याच्या खिशातून पत्र काढायचं होतं आणि त्याच वेळी चष्मा लावायचा होता. उजवा हात खिशात अडकलेला, डाव्या हातात चष्म्याची एक काडी उघडलेली आणि दुसरी मिटलेली, आणि तोंडाने मुलीच्या लग्नाचा विषय. कोणीही अडेल. दिग्दर्शकांना सांगितलं, त्यांनी चष्मा आधीच्या वाक्याला लावायला सांगितला, पत्र जागच्या जागी राहिलं, आणि फुल्या थांबल्या. तेव्हापासून माझं मत झालंय की पाठांतर एकाच जागी परत परत अडत असेल तर आधी हात-पाय बघावेत आणि मग डोकं. कधी कधी अर्थच लागलेला नसतो, ते वेगळं, पण तेही फुल्यांवरूनच कळतं.

शब्द बदलणाऱ्यांवर पण लक्ष ठेव. मधले शब्द इकडे-तिकडे झाले तर लगेच टोकू नको, तालीम संपली की चिठ्ठी दे. वाक्याचा शेवट बदलला तर मात्र त्याच दिवशी सांग, कारण पुढच्याचा क्यू तिथेच असतो आणि लाईटवाल्याचाही असू शकतो.

मोठ्यांचं ऐकण्या-न ऐकण्याबद्दल. आपल्या गावांमध्ये स्टेजवरचे काका हे बाबांचे मित्र असतात, काकूंनी आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं, त्यांच्याशी हुकूम सोडल्यासारखं बोलून चालत नाही. पण लोक सगळ्यात जास्त कशाला वैतागतात माहितीय का? साडेसातला बोलावून साडेनऊपर्यंत नुसतं बसवून ठेवलं की. हे तू थांबवू शकतोस. एक तक्ता कर, उभ्या बाजूला प्रवेश आणि आडव्या बाजूला पात्रं, कोण कुठल्या प्रवेशात आहे त्याच्या खुणा. मोठा प्रवेश असेल तर त्याचे एंट्री-एक्झिटप्रमाणे तुकडे पाड. मग आदल्या रात्री ग्रुपवर टाकायचं की उद्या पहिल्या अंकाचा दुसरा तुकडा, हे तिघं साडेसातला, या दोघी साडेआठला, बाकीच्यांना सुट्टी. मुलींना घरी सोडायला कोण जाणार हेही त्याच मेसेजमध्ये. आमच्याकडे तासगाव, इस्लामपूर बाजूने येणारे असतात, त्यांची शेवटची एसटी चुकवून कुठला प्रवेश सुधारत नाही. त्यांचा तुकडा आधी घ्यायचा.

कॅलेंडर पण तूच बघ. गणपतीत कोणी येत नाही, दिवाळीत येत नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यातल्या माणसांच्या शिफ्ट लागतात, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, आणि स्पर्धा साधारण त्याच सुमाराला येऊन ठेपते. शिवाय आमच्या सांगलीत ऑगस्टमध्ये नदीचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटाला इशारा पातळी आणि 45 ला धोका, त्यामुळे 38-39 झालं की नदीकाठच्या भागात राहणारे नट सामान माळ्यावर चढवायला घरी जातात, त्यांना तालमीला बोलवायचं तोंड कुणाला असतं. तुमच्याकडे पुराचं नसेल, पण दुसरं काहीतरी असेलच. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाकडून न जमणाऱ्या तारखा लिहून घे.

दिग्दर्शक नसताना तालीम घेतलीस तर नवीन काही बसवू नको. जे बसलंय ते जसंच्या तसं चालव. सगळ्यांना खाली बसवून नुसते संवाद पळव, अंक किती मिनिटांत होतो ते घड्याळ लावून लिही, प्रॉपर्टी, म्हणजे तांब्या-पत्रासारख्या नाटकात वापरायच्या वस्तू, कुठून निघते आणि कुठे जाते ते बघ. कोणीतरी हमखास म्हणणार की आज ते नाहीयेत तर हे जरा वेगळं करून बघू. छान आहे, लिहून घेतो, उद्या सरांना दाखवू, एवढंच बोलायचं आणि खरंच लिहून घ्यायचं आणि खरंच दाखवायचं. जो नट आला नाही त्याच्या जागी तू उभा राहिलास तर वाक्यं साधी म्हण, पण पावलं मात्र त्याचीच टाक, अर्धं पाऊल इकडे-तिकडे नको, कारण समोरचा माणूस त्या अंतराची सवय करून घेत असतो. तिथे स्वतःचा अभिनय दाखवायची हौस भागवू नये. हे मी बऱ्याच पोरांना सांगते आणि बरीच पोरं ऐकत नाहीत!

आता तुझा नाजूक प्रश्न. नटांसमोर दिग्दर्शकांना विरोध नाही म्हणजे नाही. तालीम सुटल्यावर, गाडीला किक मारायच्या आधी, दोघंच असताना. आणि काय करा ते सांगू नको, काय दिसलं ते सांग. 'तिला पुढे आणा' हा झाला सल्ला. 'मी आज हॉलच्या डाव्या कोपऱ्यातून बघत होतो, तिथून सुनेचा चेहरा सासऱ्यांच्या मागे जातो, ती रडते ते कळत नाही' ही झाली माहिती. पहिल्यावर वाद होतो, दुसऱ्यावर ते स्वतः जाऊन त्या कोपऱ्यात उभे राहतात. मग ठरवायचं ते त्यांनी. आमच्या एका दिग्दर्शकांनी दुसऱ्या अंकात दाराशी एक लांब पॉज ठेवला होता, मला तो ताणल्यासारखा वाटला, तसं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि तसाच ठेवला, प्रयोगाला थिएटर एकदम गप्प होतं. दुसऱ्या एका नाटकात असाच पॉज सांगितल्यावर त्यांनी काढला आणि तेही बरोबर होतं. सांगणं तुझ्याकडे, निर्णय त्यांच्याकडे. फक्त वेळ बघ. हालचाली पक्क्या होत असताना हे बोलणं चालतं. शेवटच्या आठवड्यात 'हा प्रवेशच मला पटत नाही' असं कोणी ऐकून घेणार नाही, घेऊही नये.

हॉल आणि थिएटर यांच्यातला फरक पण तुझ्याकडे घे. टेप घेऊन जा आणि स्टेजचं तोंड, खोली, विंगेत किती जागा आहे ते मोज. साताऱ्याचं शाहू कला मंदिर तुमच्या सवयीचं असेल, पण स्पर्धेचं केंद्र दुसऱ्या गावाला आलं तर? आमच्याकडे भावे नाट्यमंदिर, दीनानाथ आणि मिरजेचं बालगंधर्व, तिन्हीकडे वेगळा अंदाज लागतो. ते माप हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीने आख, दारांच्या जागी दोन-दोन खुर्च्या ठेव. हॉल लहान पडत असेल तर निदान पुढची रेघ तरी खरी ठेव. प्रॉपर्टी पहिल्या महिन्यातच खरी आण. रिकाम्या हाताने तांब्या धरल्याचं नाटक करणारा नट प्रयोगाला भरलेला तांब्या उचलतो तेव्हा त्याची चालच बदलते.

स्पर्धेत सेट त्याच दिवशी लावून रात्री उतरवायचा असतो, दुसऱ्या दिवशी दुसरा ग्रुप असतो. त्यामुळे टेम्पोत आधी काय चढेल आणि आधी काय उतरेल याची यादी लागते, आणि ती बहुतेक ठिकाणी कोणाकडेच नसते. लाईट बऱ्याचदा भाड्याचे आणि प्रकाशयोजनावाले शेवटी शेवटी येतात, त्यांना सगळं नाटक बघायला वेळ नसतो. तुझ्या वहीतले क्यू वेगळ्या कागदावर काढून दे, पान नंबर आणि आधीच्या वाक्यासकट. रंगीत तालमीच्या आधी एकदा मधले संवाद सोडून फक्त क्यू ते क्यू असं पळव. नटांना कंटाळा येतो, येऊ दे.

कागदपत्रांवरून पण नजर फिरव. लेखकाचं परवानगीपत्र, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (प्रयोगाआधी संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र, स्पर्धेच्या नियमावलीतली वेळेची अट. संहिता मंडळाकडून येते तेव्हा ती त्या शब्दांसाठी पास झालेली असते, नंतर तालमीत कोणी नवीन वाक्यं घुसडायला लागलं तर दिग्दर्शकांच्या लगेच कानावर घाल. आणि वेळ मोजलेली असली की कापाकापी कुठे करायची ते अंदाजाने ठरवावं लागत नाही.

तू शेवटी विचारलंयस की या कामातून पुढे दिग्दर्शन मिळेल का. सांगता येत नाही, ग्रुपवर आहे. गोविंद बल्लाळ देवल, सांगलीजवळच्या हरिपूरचे, नाटककार म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांच्या काळात ते तालीम मास्तर म्हणूनही तेवढेच नावाजलेले होते, म्हणजे हे काम आपल्याकडे कधी कमी दर्जाचं नव्हतं. पण काही ग्रुप सहाय्यकाला वर्षानुवर्षं सहाय्यकच ठेवतात हेही खरं. तू असं कर, स्पर्धा झाली की दिग्दर्शकांकडे एखादी एकांकिका माग, नाहीतर याच नाटकातला एखादा दोन पात्रांचा तुकडा बसवायला माग आणि त्यांना बघायला बोलाव. दोन-तीनदा मागूनही टाळत राहिले तर साताऱ्यात दुसरे ग्रुप आहेत, कराडला आहेत. वही मात्र बरोबर ने, ती तुझी आहे. आणि तुमचे दिग्दर्शक स्वतः काम करतायत का ते लिही, त्यावर मला अजून थोडं सांगता येईल.